दुसरा भोंगा

१२ जानेवारी

भिंगरी,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे की आल्या पावली परत पाठवायचे ते तू ठरव. पत्ता तुझ्या मामाने दिला, पण त्याच्यावर चिडू नकोस. मी त्याला जेवायला बसवून मागितला, आणि भरल्या ताटावरून माझा भाऊ कधी उठलेला नाही हे तुलाही ठाऊक आहे. फोन करणार नाही. फोनवर मी तोडून बोलते आणि तू फोन ठेवतेस. कागदावर शब्द खाली टेकवण्याआधी जरा अधांतरी धरून बघता येतो, आपण माल धरतो तसा.

हे पत्र समेटाचं आहे असं समजू नकोस. कामाचं आहे.

क्रेनशाळेच्या मुख्य बाईंनी मला बोलावलं आहे. नव्या तुकडीला 'फेरउचल' शिकवायची. त्या म्हणाल्या, "तुमची ही पद्धत सगळ्या साइटवर प्रसिद्ध आहे, ती तुमच्याबरोबर जाता कामा नये." मी म्हटलं, मी कुठे जात नाहीये. पण मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू. या शहरातली सर्वांत उंच क्रेन मी चालवली हे मी सांगत नाही, लोक सांगतात. मी फक्त त्यांना अडवत नाही. तुझे बाबा म्हणायचे, हिने आयुष्यभर उंटावरूनच शेळ्या हाकल्या. ते गेल्यापासून ही थट्टा करणारं कुणी उरलं नाही, म्हणून मीच करून घेते.

तू माझी पहिली शिष्या, तेव्हा पोरांना काय सांगणार ते आधी तुला सांगते. दिवसभरात एखादी उचल बिघडली, माल झोकांडला, जोरात टेकला, तर काम संपल्यावर शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसायचं. डोळे मिटायचे. तीच उचल पुन्हा करायची, मनात, पण बरोबर. लिव्हर हातात आहे असं धरायचं. चुकलं तिथे हात हलका ठेवायचा. हाताला सवय लागेपर्यंत करायचं. मी वाऱ्यात गच्चीवर पाण्याची टाकी उतरवायला अशीच शिकले. पहिल्यांदा ती कठड्यावर घासली होती. मनात मी ती इतक्या वेळा अलगद टेकवली की पुढच्या वेळी खालचे लोक टाळ्या वाजवत होते.

आणि ही विद्या फक्त क्रेनची नाही, हे मला या दोन वर्षांत कळलं. चौकशीच्या त्या खोलीत मी काय बोलले ते मी घरी भांडी घासताना रोज पुन्हा उभं केलं. मला माझी जीभ सुधारायची होती. सुधारली! आता शिकाऊ पोरं चुकली तर मी आधी श्वास घेते. एकाने परवा हूक उलटा लावला, मी त्याला फक्त गाढव म्हटलं.

त्या दिवसाबद्दल एकदाच लिहिते. तू सळ्यांचा भारा फिरवलास, वाऱ्याने तो वळला आणि परांचीला घासला. गिलावा करणाऱ्याने घाबरून खाली उडी मारली आणि त्याचा हात मोडला. (हात जुळला आहे. बाजारात भेटला तेव्हा मुद्दाम त्याच हाताने माझी पिशवी उचलून दिली.) माल माणसांवरून फिरवण्याआधी भोंगा द्यायचा हा नियम. तू चौकशीत सांगितलंस, "मी भोंगा दिला होता. मी ऐकला." केबिनमधल्या यंत्रात नोंद निघाली की भोंगा वाजलाच नाही. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी उठले, तुला पाणी दिलं आणि साहेबांना म्हटलं, "पोरगी घाबरली आहे, आज पुरे करा." तू पेला खाली ठेवलास आणि निघून गेलीस ती गेलीसच.

का गेलीस, ते मला अजून कळलेलं नाही. आईने पाणी दिलं म्हणून कुणी घर सोडतं का?

खोटं बोललीस ते मी केव्हाच माफ केलं आहे.

तुझी आई

९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन ओळी! कागद वाया घालवायची सवय तुला बाबांकडून आली.

"आई, तू पाणी दिलं नव्हतंस. काय म्हणालीस ते मामाला विचार."

विचारते की! मामा त्या खोलीत होता. खालून तुला खुणा करणारा सिग्नलमन म्हणून त्याचीही साक्ष झाली होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण तुला हवाच असेल तर आरसा दाखवते. तो पेला मला या क्षणीही हाताला जाणवतो. गार होता, बाहेरून ओलसर होता, त्याच्या काठाला निळी रेघ होती. इतकं कुणाला कल्पनेने सुचतं?

दोन वर्षं मी त्या खोलीत रोज जाऊन आले आहे. तू एकदाच होतीस तिथे. तेव्हा कुणाला जास्त आठवत असेल ते तूच सांग.

रविवारी मामाकडे जाते. मग लिहिते. माफी मागायची तयारी ठेव, मी ती मोठ्या मनाने स्वीकारीन.

आई

१५ फेब्रुवारी

भिंगरी,

मामाकडे जाऊन आले.

तो अंगणात सायकल उलटी करून पंक्चर काढत होता. मी तुझं कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं आणि म्हटलं, "वाच, तुझ्या भाचीचे प्रताप." त्याने वाचलं. हात फडक्याला पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, बस जरा."

"बसत नाही. पाणी मी दिलं की नाही एवढं सांग."

"पाणी मी दिलं. ती बाहेर जिन्यात बसली होती तेव्हा."

"मग मी काय केलं?"

"राहू दे ना आता. झालं गेलं."

"अरे सांग! मी काही लहान पोर नाही."

तेव्हा त्याने सांगितलं. त्याने सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते आहे. मी उठले हे खरं. उठून टेबलावर हात आपटला. आणि साहेबांसमोर, यंत्राची नोंद काढणाऱ्या इलेक्ट्रिशियनसमोर, गिलाव्यावाल्याच्या बायकोसमोर म्हणाले, "माझ्या घरात खोटं बोलणारी माणसं जन्माला येत नाहीत. ही कुठून आली मला माहीत नाही."

मी मामाला म्हटलं, तू बनवतोयस. तो म्हणाला, "ताई, मला एवढं चांगलं वाक्य बनवता येतं का?"

ते मात्र खरं. वाक्य माझंच आहे. त्याचा ताठा माझा आहे, ठेका माझा आहे. दुसरं कुणी ते बोलूच शकत नाही. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, ती मी. पण आठवत नव्हतं, भिंगरी. मी तुझी शपथ घेऊन सांगते, मला आठवत नव्हतं.

घरी आले. भांडी पडली होती म्हणून घासायला घेतली. आणि मोरीत निळ्या रेघेचा पेला सापडला. आपला. तू शाळेत असताना आणलेल्या सहातला उरलेला एक. तो कधीही त्या ऑफिसात गेलेला नाही. तिथे कागदाचे पेले असतात. रोज भांडी घासता घासता मी त्या खोलीत जात होते, आणि हातात जो पेला होता तोच तिकडे घेऊन गेले. गार लागत होता, कारण नळाखाली होता.

मी पेला पुसून ओट्यावर ठेवला. नळ चालूच राहिला.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती जास्त लागली. अपघात आणि चौकशी यांच्यामध्ये आठवडा गेला होता. त्या आठवड्यात तू काय करत होतीस? रोज शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसत होतीस. डोळे मिटून. मीच बसवत होते तुला! "करत राहा, हाताला सवय लागू दे." आणि फेरउचलीत तू दर वेळी भोंगा देत होतीस. बरोबर पद्धत तीच, आधी भोंगा मग फिरवणं. आठवडाभर तू तो भोंगा वाजवलास. मग त्यांनी तुला विचारलं, भोंगा दिला होता का?

मला न दिलेला पेला हाताला लागतो. तुला न वाजलेला भोंगा ऐकू आला.

तू खोटं बोलली नव्हतीस.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी तुला माफ केलं. ते परत घेते. माफ करण्यासारखं तिथे काही नव्हतंच, आणि माझ्या घरात खोटं बोलणारी माणसं जन्माला येत नाहीत हे वाक्य तेवढं खरं ठरलं. पुढचं वाक्य माझं चुकलं. तू कुठून आलीस हे मला चांगलं माहीत आहे.

आई

२ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आलं. आठ पानी! मी दाराची कडी लावून वाचलं. शेजारीण दोनदा ठोठावून गेली, तिला वाटलं मला काही झालं.

राग आहे हे लिहिलंस ते बरं केलंस. चौकशीनंतर तुला उंच क्रेनवरून उतरवलं, कुणी हाताखाली घ्यायला तयार नव्हतं, "आईच खोटारडी म्हणाली" असं लोक तोंडावर सांगायचे, हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणजे मी विचारलं नव्हतं. तू तिकडे जाऊन चाकांच्या छोट्या क्रेनपासून पुन्हा सुरुवात केलीस. आणि आता टॉवर क्रेन! मामाने मला हे सांगितलं नाही. तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे. त्याने पोटात ठेवलं, त्याच्या पोटात जागा बरीच आहे.

तू फेरउचल सोडली असशील असं मला वाटलं होतं. मी असते तर फेकून दिली असती. तू सोडली नाहीस, तू तिची दुरुस्ती केलीस. ते पान मी परत परत वाचलं. काम संपलं की तू आधी सिग्नलमनकडे जातेस आणि त्याला विचारतेस, "आज माझं काय चुकलं?" तो सांगतो. मग तू स्वतःच्या तोंडाने, मोठ्यांदा, घडलं तसं सांगतेस. चुकीसकट. तो मान हलवेपर्यंत डोळे मिटायचे नाहीत. "आधी खरं, मग बरं." आणि मिटल्यावरही फक्त आपले हात बदलायचे. खालच्या माणसाला हुशार करायचं नाही, वाऱ्याला थांबवायचं नाही.

वाचता वाचता मला वस्ताद आठवले. ज्यांनी मला फेरउचल दिली ते. तू त्यांना पाहिलं नाहीस. पान खाल्ल्यासारखे ओठ, आणि हात मात्र बाळाला झोपवणाऱ्याचे. रोज काम संपलं की ते खाली उतरून दोन चहा घ्यायचे आणि एक सिग्नलमनच्या हातात द्यायचे. म्हणायचे, "बोल बाबा, आज मी कुठे गाढवपणा केला?" तो सांगायचा, दोघं हसायचे, कधी भांडायचे. मग वस्ताद पायरीवर येऊन बसायचे आणि डोळे मिटायचे.

मला वाटायचं म्हाताऱ्याला चहाची तल्लफ आहे. गप्पिष्ट आहे. मी वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसले, आणि विद्या पायरीपासून सुरू होते असं समजले. ती चहापासून सुरू होत होती. मला सिग्नलमनच्या तोंडून स्वतःचे गाढवपणे ऐकायची हौस नव्हती, म्हणून मी चहा गाळला आणि उरलेलं तुला शिकवलं. आपल्या मामालाच मी कधी विचारलं नाही. तो माझाही सिग्नलमन होता की! माझा धाकटा भाऊ मला माझी चूक सांगणार? छे!

गंमत बघ. वस्तादांनी तुला बघितलंही नाही, आणि त्यांचा चहा तू शोधून काढलास. एकटीने, परक्या गावात, नाव खराब झालेलं असताना. मला हे वाचून लाज वाटायला हवी होती. थोडी वाटली. पण खरं सांगू? अभिमान इतका वाटला की लाजेला बसायला जागा उरली नाही.

एक भांडण राहिलं. तू लिहितेस की मी शाळेत हे शिकवू नये, धोका आहे. पटत नाही. धोका क्रेनमध्येही आहे, म्हणून काय विटा डोक्यावरून न्यायच्या? तुझ्या हातात ही विद्या शहाणी झाली आहे. मला तुझी पद्धत शिकवू दे. तुझं नाव घेऊन.

हो म्हण. नाहीतर "विचार करते" असं तरी लिही, ते तू लहानपणी हो म्हणायच्या आधी म्हणायचीस.

आई

१९ मार्च

भिंगरी,

"विचार करते" मिळालं. मी ते हो धरून चालले, कारण वर्ग मंगळवारीच होता. रागावलीस तर रागाव, पण आधी वाच.

मामाला बरोबर नेलं होतं, साक्षीदार म्हणून. खाली लिहिलेलं सगळं त्याने ऐकून "बरोबर" म्हटलं आहे. एके ठिकाणी मी माझा आवाज खणखणीत होता असं लिहिलं होतं, ते त्याने काढायला लावलं. आवाज कापत होता.

मुख्य बाईंनी शेवटच्या बाकावर पाहुणे बसवले होते. त्यात कोण असावं? आपले चौकशीवाले साहेब. आता मोठ्या कंपनीत आहेत, केस गेलेत. मला बघून हसले. मी ठरवून गेले होते की टाकीच्या गोष्टीपासून सुरुवात करायची, टाळ्यांपासून. त्यांना बघितलं आणि टाकी तिथेच सोडली.

म्हटलं, "फेरउचल शिकण्याआधी ती कशी चुकते ते ऐका. या विद्येने माझ्या मुलीला न वाजलेला भोंगा ऐकवला, आणि मला न दिलेलं पाणी द्यायला लावलं." मग सगळं सांगितलं. टेबलावर आपटलेला हात, ते वाक्य, जसंच्या तसं. मोबाईल बघणारा एक होता, त्याने तो खाली ठेवला.

साहेब उभे राहिले. म्हणाले, "पण बाई, भोंगा वाजला नव्हता ना?"

"नव्हता."

"म्हणजे तिची साक्ष चूकच होती."

"चूक होती. खोटी नव्हती. साहेब, या दोन्हींत किती अंतर आहे ते तुम्हाला आणि मला त्या दिवशी कळायला हवं होतं. आपण तिच्या दुप्पट वयाचे होतो."

ते खाली बसले. नंतर मुख्य बाईंसमोर म्हणाले, तुझ्या नावापुढचा खोट्या साक्षीचा शेरा बदलण्यासाठी ते स्वतः लिहितील. मी आभार मानले नाहीत. मामाने मानले, त्याला ते जमतं.

मग तुझी पद्धत शिकवली. दोघादोघांच्या जोड्या केल्या, चहा मागवला, एकाने दुसऱ्याला स्वतःची चूक सांगायची. काय तो गोंधळ! निम्म्या जणांना स्वतःची चूक आठवेना, समोरच्याच्या चार आठवत होत्या. मी म्हटलं, माझीच पोरं शोभता. पण तासाभराने रंग चढला. जिथे कुणाला इजा झाली असेल ती गोष्ट, चौकशी पुरी होईपर्यंत फेरउचलीला घ्यायची नाही, हे तुझं वाक्य मी फळ्यावर लिहिलं. खाली तुझं नाव लिहिणार होते, पण "विचार करते" आठवलं. "माझ्या मुलीचा नियम" एवढंच लिहिलं.

वर्ग संपल्यावर एक मुलगी थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "बाई, माझा भाऊ वारला. आजारी होता. तो दिवस मी पुन्हा पुन्हा मनात बदलते. लवकर दवाखान्यात नेते. मग डोळे उघडले की आधीपेक्षा वाईट वाटतं. माझी पद्धत चुकतेय का?"

भिंगरी, दोन वर्षांपूर्वीची मी तिला म्हणाले असते, करत राहा, हाताला सवय लागू दे. मला तुझ्या पत्रातलं आठवं पान आठवलं, फक्त आपले हात बदलायचे. तिला विचारलं, "त्या दिवशी लिव्हर तुझ्या हातात होता का?"

"नाही. मी घरीही नव्हते. परीक्षेला गेले होते."

"मग तिथे दुरुस्त करण्यासारखं तुझं काही नाही. फेरउचल आपल्या हाताच्या चुकीला असते, उद्या तोच माल पुन्हा उचलायचा असतो म्हणून. जे उद्या परत येणार नाही त्याला सोबत लागते. एकटीने ते दार उघडू नकोस. आईजवळ बोल. तिच्याने होत नसेल तर यातल्या जाणत्या डॉक्टरांकडे जा, मी येते बरोबर."

ती रडली. मी तिच्याबरोबर बसून राहिले, काही बोलले नाही. मी! मामाला विचार, तो दारातून बघत होता.

परत येताना तो म्हणाला, "ताई, आज तू बरं शिकवलंस." मी म्हटलं, माझं काय त्यात, सगळं पोरीचं आहे. तो चालता चालता थांबला. म्हणाला, हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मी पन्नाशी गाठली.

मला तुझी क्रेन बघायची आहे. बोलाव म्हणत नाही. बघायची आहे एवढंच लिहिते.

आई

११ एप्रिल

भिंगरी,

घरी पोचले. गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे.

तू माझ्याकडून वचन घेतलंस की घरी गेल्यावर कालचा दिवस लिहून पाठवायचा, जसा घडला तसा, आणि तू तो तपासणार. गुरूची विद्या गुरूला! तर घे, तपास.

मी स्टँडवर उतरले तेव्हा तू आली नव्हतीस, तुझा सिग्नलमन आला होता. काटकुळा, कानात भिकबाळीसारखं काहीतरी. त्याने माझी पिशवी घेतली आणि सांगितलं, "ताईंनी निरोप दिलाय. वर यायचं तर आधी माझ्याबरोबर चहा." मी म्हटलं, माझं काय चुकलंय? तो म्हणाला, "ते तुम्ही सांगायचं." आगाऊ आहे. मला आवडला. टपरीवर मी त्याला सगळं सांगितलं, ते वाक्यही. तो म्हणाला, "ताईंनी सांगितलं होतं ते असंच." म्हणजे जुळलं.

वर मात्र मी आले नाही. पहिल्या टप्प्यावर गुडघ्यांनी संप केला. तुला मी खालून हात केला, तू केबिनमधून हात केलास. तुझ्या हाताला पिवळा मोजा होता. हे बरोबर आहे ना?

मग तू काचांचा तो मोठा, उघड्या फळ्यांचा पेटारा उचललास. वारा होता. मी मानेला हात लावून बघत होते. माल वर गेला, थांबला. तू तो शांत होऊ दिलास. मी असते तर एवढी थांबले नसते, मला खालच्यांना हात दाखवायची घाई असायची. मग भोंगा वाजला, परांचीवरचे लोक बाजूला झाले, आणि तू पेटारा फिरवलास. काचेत सगळं आकाश फिरलं. टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या शेजारी सिमेंटवाला उभा होता. त्याला मी म्हटलं, "ती वर आहे ना, ती माझी मुलगी." तो म्हणाला, "हो का? आम्हाला वाटलं तुम्ही शाळेतल्या बाई." मी म्हटलं, ते नंतर. आधी तिची आई.

संध्याकाळी तू खाली उतरलीस. आपण एकमेकींना मिठी मारली असं मला लिहायचं होतं. मारली नाही. तू हेल्मेट काढलंस, मी तुझे केस सारखे केले, तू म्हणालीस, "आई, पाणी पितेस?" आणि बाटली पुढे केलीस. मी प्यायले. पाणी कोमट होतं. हे मी नक्की सांगते, कारण त्या घोटाला मी हात, जीभ आणि घसा साक्षीला ठेवले आहेत.

एकच गोष्ट अडली आहे. तू तपासून सांग.

मला भोंगा दोनदा आठवतो. पहिला फिरवण्याआधी, लांब, नियमाचा. दुसरा पेटारा टेकल्यानंतर, अगदी छोटासा. नियमाने टेकल्यावर भोंगा द्यायचं काही कारण नसतं. तेव्हा तो दुसरा माझ्यासाठी होता, की परतीच्या प्रवासात खिडकीला डोकं टेकून मी तो मनातल्या मनात वाजवला, ते मला कळत नाही. सिग्नलमनला विचारता आलं असतं, पण मला ते तुझ्याकडून ऐकायचं आहे.

तू सांगेपर्यंत कुणाला सांगणार नाही. म्हणजे मामाला सांगून झालं आहे, पण त्याला म्हटलं, अजून पक्कं नाही.

वाजला असेल तर वाजला असं लिही. नसेल वाजला तर तसंच लिही, माझं मन राखायला जाऊ नकोस. एक ऐकला तो पुरे आहे मला.

आई